लॅब उघडी असल्याचा पुरावा

माझी बायको सुनंदा सोमवारी गेली. मंगळवारपासून लॅब बंद ठेवली. चौदाव्या दिवशी उघडली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका बुधवारी सकाळी, मी सिल्वासाजवळ, रांधा गावाच्या बाजूच्या एका धाग्याच्या कारखान्याच्या गेटवर उभा होतो. पायाशी उपकरणांची पेटी होती. सिक्युरिटीवाला मला आत सोडत नव्हता.

हा सिक्युरिटीवाला मला सहा वर्षं ओळखतो. त्याच्या मुलीची दहावीच्या गणितातली एक शंका मी याच गेटवर, पेटीवर कागद ठेवून सोडवली आहे. पण आता गेटपास हाताने लिहीत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये नाव घालायचं. तो पास छापतो किंवा छापत नाही.

"अंकल, पास नहीं बन रहा," तो म्हणाला. "आपकी कंपनी बंद दिखा रहा है."

मी म्हटलं, बंद असती तर मी आलो असतो का?

"आप तो दिख रहे हो," तो म्हणाला. "कंपनी नहीं दिख रही."

माझं काम थोडक्यात सांगतो, कारण त्याचं नाव ऐकून लोक मला फ्रिज दुरुस्त करता का, असं विचारतात. मी कॅलिब्रेशन करतो. कारखान्यात मोजणारी उपकरणं असतात. बॉयलरवर वाफेचा दाब दाखवणारा गेज असतो, म्हणजे घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर एक काटा. हीटरवर तापमानाचे आकडे असतात. ही उपकरणं काही काळाने खोटं बोलू लागतात. त्यात त्यांचा हेतू वाईट नसतो. स्प्रिंग थकते, काटा सरकतो. मी माझं खात्रीचं उपकरण, ज्याला आम्ही मास्टर म्हणतो, त्यांच्याशेजारी लावतो आणि कोण किती चुकतंय ते लिहून देतो. दुरुस्ती करत नाही. चूक मोजतो, सर्टिफिकेट देतो आणि उपकरणावर एक स्टिकर लावतो. त्यावर आजची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. ती पुढची तारीख उलटली की ते उपकरण कागदोपत्री मेलं. काटा अगदी बरोबर दाखवत असला तरी.

हे शेवटचं मी क्लायंट लोकांना तीस वर्षं ठासून सांगत आलो. ऐकून घेताना त्यांचे चेहरे असे का होतात, ते मला त्या बुधवारी गेटवर कळलं.

शेवटी कारखान्याचे पर्चेस मॅनेजर हसमुखभाई स्वतः बाहेर आले. मला आत नेता येईना, म्हणून आम्ही गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. हसमुखभाई सुनंदाच्या दहाव्याला घरी येऊन गेलेले. त्यामुळे आधी त्यांनी तब्येत विचारली, मुलगी परत बंगलोरला गेली का विचारलं, जेवणाचं काय करता विचारलं. मग ग्लास खाली ठेवला.

"सामंतभाई, तमे तो बंध छो." मला गुजराती येतं हे त्यांना ठाऊक आहे. तरी गोष्ट गंभीर असल्यामुळे त्यांनी ती मराठीतही सांगितली. "तुम्ही बंद आहे."

"मी तुमच्यासमोर चहा पितोय."

"ते मी बघतो ने. पण सिस्टम नाय बघत."

मग त्यांनी सगळं समजावलं. मुंबईच्या हेड ऑफिसने नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. कारखान्याला माल किंवा सेवा देणाऱ्या प्रत्येक माणसाची माहिती ते इंटरनेटवरच्या नकाशाशी ताडून बघतं. पत्ता खरा आहे का, फोन लागतो का, जागा उघडी आहे का. नुसत्या कागदावरच्या कंपन्या शिरू नयेत म्हणून. त्या नकाशावर आमच्या लॅबच्या नावाखाली लाल अक्षरांत ‘कायमचे बंद’ असं लिहिलेलं होतं. सॉफ्टवेअरने ते वाचलं आणि आम्हाला ब्लॉक केलं. हसमुखभाईंनी मुंबईला फोन करून सांगितलं होतं की लॅब चालू आहे, मी त्या माणसाला पंधरा वर्षं ओळखतो. मुंबईहून उत्तर आलं, ठीक आहे, लिंक पाठवा.

अडचण अशी होती की पुढच्या गुरुवारी परदेशी गिऱ्हाइकाची माणसं ऑडिटला येणार होती. ऑडिट म्हणजे ते प्रत्येक यंत्रावरचं स्टिकर वाचत फिरतात. चौसष्ट उपकरणांच्या तारखा त्याआधी उलटत होत्या. मंगळवारपर्यंत नकाशावर आम्ही उघडलो नाही, तर हसमुखभाईंना ते काम वापीच्या एका लॅबला द्यावं लागणार होतं. आमच्या धंद्यात एकदा दुसरी लॅब आत शिरली की ती बाहेर येत नाही. आणि हा एक कारखाना म्हणजे आमचं जवळजवळ निम्मं काम. लॅबमध्ये माणसं दोन, मी आणि युवराज. निम्मं काम गेलं तर त्यांतल्या कोणाला घरी बसावं लागेल, हे मोजायला मास्टरची गरज नव्हती.

युवराज पाटील शहाद्याकडचा. वीस वर्षांपूर्वी सिल्वासाला एका कारखान्यात लागला आणि बारा वर्षांपासून माझ्याकडे टेक्निशियन आहे. दोन मुली शाळेत. त्याच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. मी परत येऊन त्याला नकाशाबद्दल विचारलं तेव्हा तो एक गेज पुसत होता. पुसणं थांबवून त्याने तो आधी नीट खाली ठेवला.

ते त्यानेच केलं होतं. सुतकाच्या दिवसांत ऑफिसचा फोन सारखा वाजत होता. लोक गाळ्यापर्यंत येऊन परत जात होते. म्हणून त्याने शटरवर कागद लावला, ‘दुःखद घटनेमुळे लॅब बंद आहे.’ नकाशावरचं आमचं पान याच ऑफिसच्या फोनवर उघडायचं. लोकांचा हेलपाटा वाचावा म्हणून त्याने तिथेही तसं कळवायचं ठरवलं.

"सर, त्यात दोन बटणं होती," तो म्हणाला. "एक टेम्पररी, एक पर्मनंट. टेम्पररी दाबलं की विचारतं, परत कधी उघडणार, तारीख टाका. आता मला तारीख माहीत होती का? तुमच्यात दहा दिवस पाळता का तेरा, मला नही माहीत. आमच्याकडे काही भाऊबंद वर्षभर धरतात. आणि तुम्हाला जाऊन विचारायची ती वेळ होती का?"

"अंदाजे टाकायची."

युवराजने माझ्याकडे पाहिलं. "अंदाजे, सर?"

बारा वर्षांपूर्वी, तो नवा असताना, त्याने एकदा दहा रीडिंगपैकी एक न बघता लिहिलं होतं. मी दिवसभराचं शीट फाडायला लावलं आणि सांगितलं, जो आकडा डोळ्यांनी पाहिला नाही तो लिहायचा नाही, मग कोणीही सांगो. त्याने तेच केलं होतं. ज्या बटणाला आकडा लागत नव्हता ते त्याने दाबलं होतं. त्याला वाटलं, आपण उघडलो की ते आपोआप उघडेल. शटरवरचा कागद त्याने चौदाव्या दिवशी काढला होता.

दोन महिने फोन वाजला नव्हता. लोक मला सावरायला वेळ देत आहेत, असं मी समजत होतो. मनात त्यांचे आभारही मानले होते.

त्या दुपारी मी पहिल्यांदा ते पान नीट पाहिलं. आमच्या धंद्याची जागा इंटरनेटवर आहे आणि तिथे लोक येऊन काही लिहून जातात, एवढंच मला माहीत होतं. ते सगळं सुनंदा बघायची. पानावर शटरवरच्या त्या कागदाचा फोटो होता. कोणीतरी येऊन काढलेला. कागदावर कोण गेलं ते युवराजने लिहिलं नव्हतं. खाली लाल अक्षरं. वाचणाऱ्यांनी दोन आणि दोन चार केले आणि मीच गेलो असं धरलं. मग ते तारे देऊन गेले.

‘फार वाईट बातमी. सर अतिशय ॲक्युरेट होते.’ पाच तारे.

‘ओम शांती. पार्किंगची सोय चांगली.’ पाच तारे.

उंबरगावच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘यांनी माझा वजनकाटा दोन वेळा फेल केला. पण माणूस सरळ होता. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ चार तारे. एक तारा त्यांनी काट्यासाठी कापला असावा.

मी जिवंत असताना लॅबची सरासरी तीन पूर्णांक आठ होती. गेल्यावर ती चारच्या वर पोचली. इतकी सुधारणा मला तीस वर्षांत करता आली नव्हती.

संध्याकाळी मी आणि युवराज ऑफिसचा फोन घेऊन किलवणी नाक्याजवळ निकिताकडे गेलो. दुकानदारांची पानं, वेबसाइट वगैरे करून देणारं तिचं छोटं ऑफिस आहे. आईवडील रत्नागिरीकडचे, शिक्षण इथलं. एकाच वाक्यात ती तीन भाषा वापरते आणि तिन्ही बरोबर. तिने पान बघितलं आणि दोन मिनिटांत उपाय सांगितला.

"सर, हे पेज डेड आहे. याच्यात जीव नका घालू. नवीन बनवू ने, उद्या लाईव्ह. जुन्याला डुप्लिकेट म्हणून रिपोर्ट मारू, नीकळी जशे."

मला ते पटलं. उद्या म्हणजे गुरुवार. हसमुखभाईंना लिंक मिळेल, मुंबईला लॅब चालू दिसेल, चौसष्ट उपकरणं आमच्याकडे राहतील. मी हो म्हणणार, तेवढ्यात ती पान खाली सरकवत हसायला लागली.

"हे रिप्लाय कोण लिहायचं, सर? मस्त आहेत."

ती वाचायला लागली. कोणी लिहिलं होतं, ‘बहुत लेट करते हैं.’ एक तारा. त्याखाली उत्तर: ‘आपण आपला गेज स्वतः तीन आठवडे उशिरा आणलात. तारीख रजिस्टरमध्ये आहे. पुढच्या वेळी वेळेवर यावे. चहा आमच्याकडून.’

दुसऱ्या कोणी, ‘दुपारी गेलो तर जागेवर कोणी नाही.’ उत्तर: ‘दीड ते दोन आम्ही जेवतो. आपणही जेवत असालच.’

एकाने काही न लिहिता नुसते पाच तारे दिले होते. त्यालाही उत्तर होतं: ‘तारे मिळाले. सोबत दोन शब्द लिहिले असते तर अधिक बरे वाटले असते.’

प्रत्येकाखाली ‘सुनंदा सामंत, ऑफिस’.

सुनंदाने चोवीस वर्षं खानवेलच्या शाळेत मराठी शिकवलं. रोज सकाळची बस, रोज संध्याकाळची बस, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. रिटायर झाल्यावर ती आठ वर्षं लॅबचं ऑफिस सांभाळत होती. टेबलाशी बसून ती फोनवर काहीतरी लिहीत असे, ते मी पाहिलं होतं. कधी विचारलं नाही. मी आतल्या खोलीत काटे बघत असे. आमची दोघांची वाचायची सवय मोठी, घरात पुस्तकांखेरीज फारसं काही नाही, आणि तिने लिहिलेलं एवढं एकच मी वाचलं नव्हतं.

मी निकिताला विचारलं, नवीन पान केलं तर याचं काय होईल?

"जाणार, सर. रिव्ह्यू पण, रिप्लाय पण." मग तिने माझा चेहरा पाहिला असावा. तिने लगेच सगळ्या उत्तरांचे स्क्रीनशॉट काढून माझ्या फोनवर पाठवले. सदतीस होती. म्हणाली, आता तुमच्याकडे राहतील, डोन्ट वरी.

ते तिने मनापासून केलं. पण गेजचा फोटो काढला तर तो दाब दाखवत नाही. मी विचारलं, हेच पान पुन्हा उघडता येणार नाही का?

येणार होतं, पण त्याला वेळ आणि नशीब दोन्ही लागणार होतं. पुन्हा उघडा म्हटलं की नकाशावाली कंपनी पुरावा मागते. एक व्हिडिओ पाठवायचा. मध्ये कुठे न कापलेला. त्यात रस्ता दिसला पाहिजे, आजूबाजूचे गाळे, बोर्ड, आतली यंत्रं, आणि फक्त मालकालाच जमेल अशी एखादी गोष्ट आपण करताना दिसलो पाहिजे. उदाहरणार्थ किल्लीने कुलूप उघडणं. मग कुठेतरी बसलेली माणसं तो बघतात आणि ठरवतात. निकिताच्या अनुभवात तीनदा नाही म्हटलं की पुढे ते बघतही नाहीत.

निम्मं काम फक्त माझं नव्हतं, म्हणून बाहेर आल्यावर मी युवराजला विचारलं. त्याने स्कूटर सुरू केली, बंद केली.

"सर, मॅडमनी माझ्या मोठीच्या निबंधाच्या वह्या दोन वर्षं तपासल्या. आणि बटण मी दाबलंय. शूटिंग पण मीच करतो."

हसमुखभाईंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मंगळवार सांजे सुधी. पछी मारा हाथमां नथी." म्हणजे मंगळवार संध्याकाळपर्यंत, त्यापुढे त्यांच्या हातात नव्हतं.

पहिला व्हिडिओ आम्ही गुरुवारी सकाळी काढला. तो दुपारीच नाकारला गेला. निकिताने बघून सांगितलं की तो सहा मिनिटं अकरा सेकंदांचा होता. पहिली दोन मिनिटं मी गाळ्यासमोर उभा राहून तारीख, वेळ, हवेचं तापमान, आर्द्रता आणि उपस्थित निरीक्षकांची नावं सांगत होतो. आमच्याकडे त्याशिवाय कोणतीच नोंद सुरू होत नाही. "सर, हे सर्टिफिकेट नाय," ती म्हणाली. "फक्त चालायचं आणि उघडायचं."

दुसरा त्याच संध्याकाळी. या वेळी मी तोंड मिटून चाललो. रस्ता दाखवला, बोर्ड दाखवला, शटरपाशी वाकलो आणि जुडगा काढला.

जुडग्यात सात किल्ल्या होत्या. आठ वर्षं शटर सुनंदाने उघडलं होतं. ती नऊला येत असे. मी साडेनऊला, तेव्हा दिवे लागलेले असत. ती गेल्यापासून युवराज उघडत होता. मी पहिली किल्ली घातली. मग दुसरी. युवराज कॅमेरा धरून उभा होता, त्याला बोलता येत नव्हतं. सहावी किल्ली आत गेली, पण फिरली नाही. मग मी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. शेवटी सहावीच फिरली, तिसऱ्या प्रयत्नात.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. अर्जदार हा या जागेचा मालक आहे असं व्हिडिओवरून दिसत नाही.

निकिता फोनवर चिडली, म्हणाली मशीनवर बघतात, माणसं नसतीलच तिथे. मला मात्र त्यात अन्याय दिसला नाही. त्यांनी जे पाहिलं ते बरोबर लिहिलं होतं.

एकच संधी उरली होती. युवराज म्हणाला, सर, रिपीटेबिलिटी काढू. म्हणजे एकच गोष्ट दहा वेळा मोजायची आणि दर वेळी तेच उत्तर येतं का ते बघायचं. कुठल्याही उपकरणावर विश्वास ठेवण्याआधी आम्ही हे करतो. या वेळी उपकरण मी होतो. त्याने आमच्या स्टिकरच्या रोलमधून एक हिरवं स्टिकर काढून सहाव्या किल्लीला लावलं, बाकीच्यांना लाल ‘वापरू नये’. मग एक गुपित सांगितलं, जे त्याचं त्याला दोन महिन्यांत सापडलं होतं. शटर डाव्या पायाने थोडं आत दाबून धरायचं, तरच किल्ली फिरते. सुनंदाला हे आठ वर्षं माहीत असणार. तिने सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

मी दहा वेळा शटर उघडलं आणि दहा वेळा लावलं. युवराज स्टॉपवॉच धरून लिहीत होता. पहिलं रीडिंग अठ्ठेचाळीस सेकंद. पाचवं एकोणीस. शेवटची तीन नऊ, नऊ आणि दहा. त्याने सरासरी काढली, खाली सही केली आणि ‘स्वीकारार्ह’ असा शिक्का मारला.

एवढ्या वेळा शटर वाजल्यावर शेजारच्या गाळ्यातले देसाई बाहेर आले. ते पुठ्ठ्याची खोकी बनवतात. युवराजने त्यांना घाईत सांगितलं की सरांचं एक महत्त्वाचं काम आहे, मॅडमच्या संबंधात, पाच मिनिटं गल्लीत शांतता लागेल. देसाईंनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला. त्यांनी आपलं यंत्र बंद केलं. समोरच्यांना बंद करायला लावलं. दोन टेम्पो नाक्यावर थांबवले.

मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळलो, तर दोन्ही बाजूंना माणसं रांगेत उभी. पंधरावीस तरी. हात जोडलेले. एका टेम्पोवाल्याने टोपी काढून छातीशी धरली होती. युवराज कॅमेरा लावून मागे मागे येत होता आणि मी त्या सगळ्यांच्या मधून, हातात किल्ली घेऊन, माझ्याच गाळ्याकडे चाललो होतो. स्वतःच्या पायांनी निघालेली अंत्ययात्रा कशी दिसेल, याची कल्पना त्या व्हिडिओवरून येते. मी शटरला डावा पाय लावला, हिरवी किल्ली घातली, फिरवली, शटर वर केलं. आठ सेकंद. आत जाऊन यंत्रं दाखवली. मागून देसाईंचा आवाज आला, "झालं का? आता घरी जाऊन आंघोळ करायची असेल ना?" तेवढं व्हिडिओत आलंच.

शनिवारी काही आलं नाही. रविवारी नाही. सोमवारी दुपारपर्यंत युवराजने फोन इतक्या वेळा उघडला की त्याची बॅटरी संपली.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता हसमुखभाईंचा फोन आला. ऑडिटवाले आधी जिथे जातील तिथली चाळीस उपकरणं त्यांनी चार वाजता वापीला पाठवली होती. बॉयलरकडची आणि मागच्या शेडमधली चोवीस त्यांनी ठेवली होती. ती बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबू शकत होती. "आनाथी वधारे थाय एवुं नथी, सामंतभाई," ते म्हणाले, म्हणजे याहून जास्त काही करता येण्यासारखं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बरोबर केलं. आणि ते बरोबरच होतं.

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लाल अक्षरं गेली. त्यांच्या जागी हिरवी आली, ‘आता उघडे आहे’. खाली सगळं होतं तसं होतं. अकरा वीसला आम्ही गेटवर पोचलो. कॉम्प्युटरने पास छापला. सिक्युरिटीवाल्याने तो माझ्या हातात दिला.

"अंकल, आप चालू हो गए."

चोवीस उपकरणं आम्ही सहा वाजेपर्यंत संपवली. तीन फेल निघाली. गुरुवारी ऑडिट पार पडलं. ती चाळीस मात्र वापीच्या लॅबकडेच राहिली, पुढच्या वर्षाची ऑर्डरही त्यांनाच गेली. नंतर एकदा मी त्यांनी तपासलेल्यांपैकी दोन गेज आमच्या मास्टरला लावून पाहिले. काम बरोबर होतं. हे लिहायला मला आवडत नाही, पण रीडिंग ते रीडिंग.

गेलेलं काम भरून काढायला युवराजने नवीन गिऱ्हाइकं शोधली. खानवेलच्या तीन दवाखान्यांची रक्तदाब मोजायची यंत्रं आता आमच्याकडे असतात. दर शनिवारी तो बसने जातो आणि दोन पिशव्या घेऊन येतो. त्या यंत्रांपैकी निम्मी चुकत होती. तिथले बरेच लोक कारण नसताना मीठ सोडून बसले होते, असं त्याचं मत आहे. त्याला घरी बसावं लागलं नाही.

मग राहिली माझ्या मरणाबद्दलची पत्रं. ती तशीच ठेवणं खोट्या रीडिंगवर सही करण्यासारखं होतं. मी सावकाश लिहितो; नऊ उत्तरांना तीन संध्याकाळी लागल्या. सगळ्यांना साधारण एकच मजकूर गेला: ‘मी जिवंत आहे. निधन माझ्या पत्नीचे झाले. त्या ऑफिस सांभाळत असत. आपण दिलेले तारे त्यांना पोचते केले आहेत असे समजावे.’ दोघांनी माफी मागितली. पार्किंगवाल्यांनी काहीच कळवलं नाही. उंबरगावच्या गृहस्थांनी आपले चार तारे दोनवर आणले. मला त्यांचं म्हणणं समजतं. त्यांचा काटा अजूनही फेलच आहे.

नवीन माणसांना मी यातून एवढंच सांगतो. एखादं उपकरण बरोबर आहे का, हे त्याच उपकरणाला विचारायचं नसतं. शेजारी मास्टर लावायचा असतो. सध्या सगळ्यांनी तो नकाशाच मास्टर धरला आहे आणि त्याच्यावर कुठेही तारखेचं स्टिकर नाही. म्हणून आमच्या महिन्याच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवली आहे: आपण चालू आहोत का, ते फोनवर पाहणे. पाहिल्यावर युवराज सही करतो आणि वेळ लिहितो.

लॅबची सरासरी आता बरोबर चार आहे. शटर मी उघडतो. पानावर सुनंदाची सदतीस उत्तरं आहेत आणि माझी नऊ.